दुबार ओळी

सोमवार, ४

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक खोकं आणि तोंडभर हसू घेऊन ताईच्या दारात उभी राहिले, तर ती म्हणते कशी, की आधी हात धू, मग गळ्यात पड. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण वागते साठ वर्षांनी मोठी असल्यासारखी. तिच्याकडे दोन खोल्या आणि एक जेवणाचं टेबल. टेबलाच्या अर्ध्या भागावर तिचा धंदा चालतो: लोकांच्या वेबसाइटी दिसायला देखण्या करून देणं. उरलेला अर्धा आजपासून माझा, असं तिने जाहीर केलं. ही वहीही तिनेच दिली. म्हणाली, नवं गाव, नवी नोकरी, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे माझं डोकं खाणार नाहीस.

नोकरीही आजपासूनच. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नावाला. मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणतात. सगळे म्हणजे मी आणि एक वयस्कर गृहस्थ. त्यांना शीटच्या रकान्यांशिवाय बोलायला दुसरा विषय नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव रकानेकाका ठेवलंय. काम असं: वेबसाइट बनवून देणाऱ्या छोट्यामोठ्या एजन्सींची माहिती एका भल्यामोठ्या स्प्रेडशीटमध्ये पडून आहे. अकरा वर्षांची जमवाजमव. त्यातून मला इंटरनेटवर शोधता येईल अशी सूची उभी करायची आहे. कुणाला साइट करून हवी असली की त्याने गाव टाकावं, कामाचा प्रकार टाकावा, आणि नावं-नंबर समोर हजर. मॅडमनी विचारलं, तीन आठवड्यांत जमेल का. मी उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हटलं दोन आठवड्यांत देते. आता निस्तरा.

बुधवार, ६

शीट उघडली आणि डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पाच हजार नऊशे ओळी, चोवीस रकाने. एका एजन्सीची एक ओळ: नाव, नंबर, गाव, पत्ता, माणसं किती, काम कोणतं, बक्षिसं कोणती, एक स्वभाव सोडला तर सगळं. फोन नंबर कुणी आधी शून्य लावून दिलेला, कुणी मध्ये रेघा मारून, एका महाभागाने तर अक्षरांत. काल दिवसभर बसून सगळे नंबर एका साच्यात बसवले. तेव्हा कळलं की दुबार ओळी किती आहेत ते. दोघं मिळून धंदा करतात, दोघंही वेगवेगळा फॉर्म भरतात, आणि फोन मात्र एकच देतात.

रकानेकाकांना विचारलं, की इतक्या वर्षांत या दुबार ओळी काढून का टाकल्या नाहीत. ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, ओळीमागे माणूस असतो, दोन ओळी आहेत म्हणजे दोन माणसं आहेत, राहू द्यात बिचारी. मला हसू आलं, पण वयाचा मान म्हणून गिळलं. मॅडमना मात्र दुबार नोंदींचा तिटकारा आहे. एकच नंबर दोनदा दिसला की बघणाऱ्याला सूची फालतू वाटते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. तेव्हा नियम ठरला: एक नंबर, एक ओळ. एका नंबरावर दोन ओळी सापडल्या तर जिचे रकाने जास्त भरलेले ती ठेवायची. तिच्यात काही रिकामं असेल तर ते दुसरीतून भरून घ्यायचं. मग दुसरी पुसायची. अर्ध्या दिवसात लिहून टाकलं, आणि माझं मलाच फार कौतुक वाटलं.

शुक्रवार, ८

सर्च चालू लागला! गाव टाका, काम टाका, पटकन यादी. ताईला फोनवरून दाखवलं तर म्हणाली बरं आहे, पण रंग भिकार आहेत.

आज पडताळणीचे फोन केले. शीटमधला माणूस खरंच आहे का, एवढंच विचारायचं. एका नंबरावर दोन भाऊ निघाले. थोरला इतका हळू बोलतो की फोन कानात खुपसावा लागला. मग धाकट्याने त्याच्या हातून फोन हिसकावला आणि थोरल्याची टिंगल सुरू केली, की दादा फोनवर बोलतो की प्रार्थना म्हणतो तेच गिऱ्हाइकाला कळत नाही. आणि हा हसतो कसा, तर नाकातून घुर्र करून, वर एक उचकी. मलाही आवरेना. रात्री ताईला नक्कल करून दाखवली तेव्हा तिने घास तोंडात असताना हसवू नकोस म्हणून चमचा उगारला.

दुसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणींची एजन्सी आहे. एक उंच, एक बुटकी आणि जाड चष्म्याची. दिवसभर कचाकचा भांडतात आणि एकमेकींशिवाय घोटभर पाणी पीत नाहीत. त्यांनी आज मला जेवायला खाली बोलावलं. छान आहेत दोघी.

सोमवारपासून जुळणी. दुबार ओळी एक करायच्या, रोज एक हजार ओळी, वरून खाली, संध्याकाळी साडेचारला. प्रोग्राम माझा, बटण मॅडम दाबणार.

सोमवार, ११

पहिल्या हजारात एकोणचाळीस जोड्या निघाल्या. मॅडमनी बटण दाबलं, चार सेकंदांत एकोणचाळीस ओळी गेल्या. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रकानेकाका खिडकीकडे तोंड करून उभे होते.

जिना उतरताना ते मला म्हणाले, की सुरुवातीच्या वर्षी त्यांनीही एक दुबार ओळ काढली होती. कुणाची, असं मी विचारलं. आठवत नाही म्हणाले. खूप आठवून पाहिलं, घरातही सगळीकडे शोधलं, पण आपण काय शोधतोय तेच कळत नाही. एवढं बोलून ते पायऱ्या मोजत खाली गेले. वय झालं की माणसाचं असं होतं, दुसरं काय. मला वाईट वाटलं.

मंगळवार, १२

भावांच्या नंबरवर फोन केला. तुमच्या दोन नोंदींची आता एक झाली आहे, माहिती बरोबर आहे ना, एवढं विचारायचं होतं. थोरल्याने उचलला. तोच हळू आवाज. मी म्हटलं, धाकट्यांनाही सांगा. तो म्हणाला, कोण धाकटे? मी एकटाच आहे.

मला वाटलं थट्टा चाललीय. म्हटलं, शुक्रवारी तुमच्या भावाने तुमचा फोन हिसकावला नव्हता का? तो हसला. नाकातून. घुर्र करून, आणि वर एक उचकी. हसू थांबल्यावर तोच घाबरलेला वाटला. म्हणाला, काल संध्याकाळपासून हे असं होतंय, मी असा कधी हसत नव्हतो हो.

मी फोन ठेवला. मग स्वतःला समजावलं, की भांडले असतील. भाऊ भांडतात आणि मग एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, घरोघरी मातीच्या चुली. ताईला काही बोलले नाही.

बुधवार, १३

आज काल-परवा जुळलेल्या नोंदींपैकी अकरा जणांना फोन केले. नवरा-बायको, बाप-लेक, मित्र. अकरा नंबर, अकरा एकटी माणसं. कुणालाच दुसरं कुणी आठवत नाही. एक बाई बोलता बोलता मध्येच पुरुषी खाकरल्या आणि चार वेळा माफ करा म्हणाल्या.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, छानच की, म्हणजे दुबार नोंदी खोट्याच होत्या.

साडेचारला तिसरा हजार. मी बघितलं नाही त्यात कोण आहे. बघायला हवं होतं.

गुरुवार, १४

दुपारी खाली गेले. उंच मैत्रीण एकटीच बसली होती. पुढ्यात दोन डबे उघडे. एक घास यातला, एक त्यातला. दुसरी कुठे आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली दुसरी कोण? मग डब्यांकडे बघत म्हणाली, सकाळी दोन डबे का भरले कुणास ठाऊक, वाया जायला नको म्हणून खातेय. नाकावर बुटकीचा जाड चष्मा होता. कालपासून त्याशिवाय दिसत नाही म्हणाली.

तशीच वर आले. आणि मग जो शोध पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता तो घेतला. ताईचा नंबर टाकला.

दोन ओळी. पाच हजार दोनशे बारा, ताई. पाच हजार सहाशे चाळीस, मी.

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी फॉर्म भरले होते. ताईने आधी भरला, आणि मला स्वतःच्या नावाचीच एजन्सी हवी म्हणून मी रुसून दुसरा भरला. माझा फोन तेव्हा बिघडलेला, म्हणून नंबर ताईचा. विसरूनच गेले होते मी. ताईने तीन रकाने भरलेत: नाव, नंबर, गाव. सगळ्या जगाला कशाला सांगत बसायचं, हा तिचा बाणा. मी चोवीसच्या चोवीस भरलेत, शाळेतल्या चित्रकलेच्या बक्षिसासकट.

म्हणजे राहणार मी. जाणार ताई.

आणि हे कळलं तेव्हा पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण मला त्याची लाज वाटते.

आमच्या ओळी सहाव्या हजारात. म्हणजे सोमवारी.

शुक्रवार, १५

काल जेवताना ताईला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. डोळे बघ कसे झालेत म्हणाली. मग म्हणाली, बरंच की मग, मी तुझ्यात आले तर तुझ्या अंगात जरा शिस्त तरी येईल. मी रडायला लागले तेव्हा मात्र थट्टा थांबवली आणि पाठीवरून हात फिरवत बसली. पण विश्वास नाही बसला तिचा. माझाही नसता बसला.

आज ऑफिसात जाऊन प्रोग्राममधला जुळणीचा सगळा भाग काढून टाकला. साडेचारला मॅडमनी बटण दाबलं, काहीच झालं नाही. पाच मिनिटं मी श्वास घेतला. मग त्यांनी प्रोग्रामची कालची प्रत शोधून काढली. प्रत मीच ठेवली होती. रोज घरी जाताना ठेवतेच, या धंद्यातली पहिली शिकवण ती. त्यांनी ती लावली आणि पुन्हा बटण दाबलं. पाचवा हजार. चव्वेचाळीस.

माझा पासवर्ड गेला. मॅडम ओरडल्या नाहीत, उलट काळजीने म्हणाल्या की थोडे दिवस रजा घे. काका माझ्या बाजूने बोलले, तर त्यांनाही घरी पाठवलं. शीटला कुलूप.

खाली रस्त्यावर काका थांबले होते. म्हणाले, दुरुस्तीचा फॉर्म अजून चालू आहे. नंबर टाकला की त्या नंबराच्या नोंदी दिसतात. चारच्या आत पाठवला तर आपोआप शीटमध्ये चढतो, मध्ये कुणाचा हात लागत नाही. नाव आणि नंबर बदलता येत नाहीत. ओळ पुसता येत नाही. बाकीचे रकाने भरता येतात. आणि रिकामेही करता येतात. हे शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवार, १७

ताईने माझ्या केसांचा गुंता सोडवला. लहानपणीसारखी ओढाताण, वर टोमणे. मी मुद्दाम आणखी गुंतवले.

आईचा फोन आला. ती नेहमी एकीला हाक मारते आणि नाव दुसरीचं घेते. दर वेळी मी चिडते. आज चिडले नाही.

ताई नसेल तर मी कुणाची धाकटी? कुणाचीच नाही. आणि मला ते कळणारही नाही, मी मजेत जेवत बसेन, तिच्यासारखी हात धुऊन. नको. मला नाही चालणार ते.

भीती वाटते खूप. खूप वाटते.

सोमवार, १८

तीन वाजता.

ताई कामासाठी बाहेर गेलीय. फॉर्म उघडलाय. दोन्ही नोंदी दिसतात.

ताईची ओळ भरतेय. पत्ता. काम. अनुभव दहा वर्षं. खासियत, रंगांची जाण. माणसं किती —

दोन लिहिलं. खोडलं. एक.

साडेतीन.

ताईचे तेवीस झाले. चोविसावा राहिलाय, इतर माहिती.

आता माझी. एकेक रिकामा करतेय. पत्ता गेला. काम गेलं. बक्षीस गेलं. त्या चित्रात काय काढलं होतं मी? आत्ता आठवत होतं —

नाही, हे भीतीने होतंय. अजून काही झालेलं नाही. साडेचारला आहे ते.

पावणेचार.

तिच्यात जे रिकामं, ते माझ्यातून भरलं जाणार. नियम माझाच. म्हणजे तो एक रकाना तिचा रिकामा ठेवला आणि माझा भरला, तर तेवढं तिच्याकडे राहील. माझं तेवढं तरी. हसणं नको. खाकरणं नको. काय लिहू —

लिहिलं. मला धाकटी बहीण आहे.

पाठवलं. चारला सहा मिनिटं कमी.

सव्वाचार.

ताई आली. आल्या आल्या विचारते काय लिहितेस एवढं. वही मिट म्हणते, डोळ्यांचं वाटोळं करून घेशील. दोन मिनिटं म्हटलं.

सांगणार नाही तिला. ती फॉर्म परत उलटा भरायला बसेल. वेळही संपलाय.

आतल्या खोलीत गेली. कपाट उघडलं. गुणगुणतेय. नेहमीचं, बेसूर.

हाक मारतेय. माझ्या नावाने. बरोबर नावाने. ओ देते आणि जाते तिच्याजव—

मंगळवार, १९

ही वही माझ्या जेवणाच्या टेबलावर होती. अक्षर माझं नाही. काल संध्याकाळपासून चार वेळा वाचली.

यात जिला ताई म्हटलं आहे ती मी आहे, यात शंका नाही. खोल्या माझ्या, टेबल माझं, केसांतली ओढाताण सोडून बाकी सगळं माझं. ती गोष्ट मला आठवत नाही. मी इथे एकटी राहते. पलंगाखाली दोन बॅगा आहेत. त्यातले कपडे मला होत नाहीत.

आईला फोन केला. मला बहीण आहे का, असं विचारलं. आई हसली. म्हणाली, तू एकुलती एक, आणि एकीनेच नाकी नऊ आणलेस, दुसरी कुठून झेपली असती. मला पटलं ते. लहानपणचं सगळं स्वच्छ आठवतं आणि त्यात मी एकटीच आहे. फोटोत मी एकटीच आहे, प्रत्येक वेळी एका कडेला.

तरी मला धाकटी बहीण आहे. हे मी वहीत वाचलं म्हणून म्हणत नाही. वही सापडायच्या आधी, काल साडेचारला, मी आतल्या खोलीत कपाटाशी उभी होते आणि हे मला ठाऊक झालं. आपला फोन नंबर ठाऊक असतो तसं. चेहरा नाही, आवाज नाही, एक दिवसही नाही. फक्त आहे.

शेजारी विचारून आले. जिन्यात पाहिलं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. मॅडम म्हणाल्या, सूची कालच पूर्ण झाली, आता एकही दुबार नोंद नाही. करणारं कोण होतं ते त्यांना सांगता येईना. म्हातारे काका खाली रस्त्यावर उभे होते. मला बघून ते रडले, पण कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं.

अख्ख्या वहीत तिने माझ्याबद्दल लिहिलं आहे. स्वतःचं नाव एकदाही लिहिलं नाही, वेडीने.

कपाटाशी उभी होते तेव्हा मी हाक मारत होते. तोंड उघडं होतं, अर्धा शब्द बाहेर पडला होता. पुढचा अर्धा तोंडात आहे अजून. मारली हाक की ती ओ देईल, कुठेही असली तरी. माझी धाकटी आहे ती, मला तिला हाक मारायची आहे, तिचं नाव

तिचं